झे. सोलकर

आजच्या मुलांना एकनाथ सोलकर हे नाव सांगितलं, तर "कोण?" असं विचारतात. त्यांचा दोष नाही. धावांचे आणि बळींचे आकडे पाठ होतात, झेलांचे कोण पाठ करतं?

सोलकरचा जन्म १८ मार्च १९४८ चा, मुंबईचा. वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखायचे. कुटुंब तिथेच एका खोलीत राहायचं. वडिलांनी राखलेल्या मैदानावरच पोरगा खेळ शिकला, आणि १९६९ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी खेळला.

त्याची जागा ठरलेली : फॉरवर्ड शॉर्ट लेग. म्हणजे फलंदाजापासून दोन-तीन पावलांवर, ओणवं उभं राहायचं. तेव्हा हेल्मेट नव्हतं. गोलंदाजाचा चेंडू जरा आखूड पडला, तर फटका थेट तोंडावर! तरी हा माणूस मागे सरकायचा नाही.

१९७१ चा ओव्हल आठवा. इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, ते योग्यच गाजले. पण पहिल्या डावात ९० काढणारा ॲलन नॉट मैदानात होता तोवर काही खरं नव्हतं. वेंकटराघवनच्या चेंडूवर सोलकरने पुढे झेप घेतली आणि जमिनीलगत झेल टिपला. नॉट १ वर बाद. २४ ऑगस्टला आपण चार गडी राखून जिंकलो. इंग्लंडमधला आपला पहिला कसोटी विजय, आणि मालिकाही आपली.

असोद्यात तेव्हा सामना म्हणजे रेडिओ. रेडिओवर झेप दिसत नाही, नुसतं नाव कानी पडतं. दुसऱ्या दिवशी पेपरात 'झे. सोलकर गो. वेंकटराघवन' एवढंच, आणि बळी मात्र गोलंदाजाच्या खात्यावर.

सोलकर २७ कसोटी खेळला, त्यात ५३ झेल. म्हणजे दर सामन्यात जवळजवळ दोन! बेदी, प्रसन्ना, चंद्रा, वेंकट ही फिरकी चौकडी मोठीच होती. पण बॅटला लागून उडालेला चेंडू टिपणारे हात तिथे नसते, तर त्यांचे किती बळी कमी झाले असते?

२६ जून २००५ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी सोलकर गेला. शाळेत, घरात, शेतावरही अशी माणसं असतात. काम त्यांचं, खातं दुसऱ्याचं. म्हणून जुना धावफलक हाती आला, तर 'झे.' नंतरचं नावही वाचत जा.