पैठणीच्या धाग्याची कुळकथा

पैठणीचं कूळ सांगताना आपण सातवाहनांपर्यंत जातो. तिच्यातल्या रेशमाचं कूळ शोधायचं, तर मात्र माग सोडून तुतीच्या मळ्यात जावं लागतं. संभाजीनगर, जालना, बीड या पट्ट्यात शेतकरी आता रेशीम अळ्या पाळतात. जालन्यात २०१८ मध्ये कोषांची बाजारपेठही सुरू झाली. तिथे ढिगाने येणाऱ्या एकेका कोषात सुमारे एक किलोमीटर अखंड धागा असतो. अळीच्या पोटात मात्र धागा नसतोच. असतो दाट, चिकट द्रव.

या द्रवात फायब्रॉइन हे प्रथिन असतं. त्याची मोठी साखळी पाच हजारांहून अधिक अमिनो आम्लांची. ग्लायसीन, अ‍ॅलानिन आणि सेरीन यांचीच त्यात पुन्हापुन्हा आवर्तनं. अळीच्या रेशीमग्रंथीत ही साखळी बहुतांशी कुठलीच पक्की घडी घेत नाही, सतत वळत-सुटत राहते. म्हणूनच जवळजवळ चौथा हिस्सा प्रथिन असूनही द्रव गोठत नाही. अळी कोष विणू लागली की तो अरुंद नळीतून ओढला जातो. वाटेत आम्लता वाढते, पाणी कमी होतं, ताण बसतो. साखळ्या एकमेकींना बिलगून ताठ होतात, त्यांचे थर जमतात आणि पाण्यात न विरघळणारा धागा बाहेर पडतो.

या थरांची रचना मार्श, कोरी आणि पॉलिंग यांनी १९५५ मध्ये मांडली. धाग्याआधीच्या द्रवातल्यासारख्या घडीविना प्रथिनांना शास्त्रात मान मिळायला मात्र आणखी चार दशकं गेली. प्रथिन आणि त्याचा जोडीदार आकाराने कुलूप-किल्लीसारखे जुळतात, ही एमिल फिशरने १८९४ मध्ये दिलेली उपमा मनांत पक्की बसली होती. केंड्र्यूने १९५८ मध्ये मायोग्लोबिन या प्रथिनाचा त्रिमितीय आकार दाखवला आणि ती आणखी घट्ट झाली. आकार नाही तर काम नाही, असंच शिकवलं जाई.

१९९६ मध्ये क्रिवाकी, राइट आणि सहकाऱ्यांनी पी२१ तपासलं. पेशीविभाजनाला लगाम घालणारं हे प्रथिन मोकळं असताना घडीविना असतं; सीडीके२ या प्रथिनाला बिलगल्यावरच त्याला आकार येतो. या लवचिकपणामुळे ते एकाहून अधिक जोडीदारांशी जुळतं. १९९९ मध्ये राइट आणि डायसन यांनी जुन्या नियमाच्या फेरविचाराची उघड मागणी केली. माणसाच्या साधारण एक तृतीयांश प्रथिनांत असे लांब, घडीविना पट्टे आहेत, हे पुढे कळलं.

या लवचिकपणाची किंमतही आहे. मेंदूतलं अल्फा-सिन्यूक्लिन हे १४० अमिनो आम्लांचं असंच प्रथिन. आयआयटी मुंबईत समीर माजी यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की त्याचे आधी द्रव थेंब होतात, मग ते घट्ट होत जातात आणि त्यातून पार्किन्सन्समध्ये दिसणारे तंतू बनतात. या तंतूंतही साखळ्या रेशमासारख्याच थरांत बसलेल्या असतात. अळीला हे घट्ट होणं हवं तेव्हा, हवं तिथे घडवता येतं. मेंदूत ते कसं रोखायचं, हे औषध शोधणाऱ्यांना अजून साधायचं आहे.