नियोगी समिती

नियोगी समिती (अधिकृत नाव : ख्रिस्ती मिशनरी कार्य चौकशी समिती) ही तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने १४ एप्रिल १९५४ रोजी नेमलेली चौकशी समिती होती. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी हे तिचे अध्यक्ष होते. गरजूंना शिक्षण, औषधोपचार, निवारा वा कर्ज देताना त्या मदतीशी धर्मांतराची उघड किंवा छुपी अट जोडली जाते काय, हा समितीपुढील कळीचा प्रश्न होता. समितीचा अहवाल १९५६ मध्ये नागपूरहून प्रसिद्ध झाला.

पार्श्वभूमी

त्या काळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि विदर्भाचे आठही जिल्हे त्या राज्यात होते. भंडारा त्यांपैकी एक. आजचा गोंदिया जिल्हाही तेव्हा त्यातच मोडत असे. नागपुरात १८४५ मध्ये रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी सुरू केलेल्या स्कॉटिश मिशनचे भंडारा शहरातही केंद्र होते. १८९६-९७ चा आणि त्याहून भीषण असा १९०० चा दुष्काळ या धानाच्या मुलखाने सोसला. १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांत ती सुमारे ११ टक्क्यांनी घटली होती. अशा आपत्तीत पोरक्या झालेल्या मुलांना मध्य प्रांतातील मिशनच्या अनाथालयांनी आश्रय दिला. ही मुले जगली, शिकली आणि बहुधा ख्रिस्ती म्हणून वाढली. त्यांच्या वतीने संमती देणारे कोणीच उरले नव्हते. पुढे समितीला अनाथालयांचा स्वतंत्र विचार करावा लागला, त्याचे मूळ अशा परिस्थितीत आहे.

कामकाज

समितीने १४ जिल्ह्यांत दौरा करून ७७ केंद्रांना भेटी दिल्या आणि ११,३६० व्यक्तींशी संपर्क साधला. तिच्याकडे ३७५ लेखी निवेदने आली. ९९ प्रश्नांच्या प्रश्नावलीला ३८५ जणांनी उत्तरे पाठविली. त्यांतील ५५ ख्रिस्ती होते. सदस्यांमध्ये वर्ध्याचे प्रा. एस. के. जॉर्ज हे गांधीविचाराचे ख्रिस्ती अभ्यासक होते. प्रश्नावलीचा रोख पाहून कॅथलिक संघटनेने सहकार्य थांबविले व उच्च न्यायालयात दाद मागितली. अशी समिती नेमण्याचा सरकारचा अधिकार मात्र न्यायालयाने मान्य केला.

निष्कर्ष

मिशनच्या शाळांनी व दवाखान्यांनी केलेले काम समितीने नाकारले नाही. तिचा आक्षेप हेतूवर होता. मिशनांच्याच प्रकाशनांतील उतारे देऊन तिने असे मांडले की, रुग्णसेवा व शिक्षण ही अनेक ठिकाणी धर्मप्रसाराची साधने म्हणून योजली जातात. बहुतेक धर्मांतरे मतपरिवर्तनाने नव्हे, तर प्रलोभनाने होतात, असा तिचा निष्कर्ष होता. मोफत पुस्तके, शिक्षणाच्या सवलती आणि आदिवासी भागातील सावकारी ही त्याची उदाहरणे अहवालात आहेत. घेतलेले कर्ज हे सौम्य दडपणाचे साधन ठरते, हे त्यातील निरीक्षण विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. कर्ज देताना अट घालावी लागत नाही; ऋणकोला ती आपोआप कळते.

शिफारशी

धर्मांतरासाठी वैद्यकीय वा अन्य व्यावसायिक सेवेचा थेट वापर कायद्याने बंद करावा, डॉक्टर व परिचारिकांच्या नोंदणीच्या नियमांत सेवा बजावताना धर्मप्रचार न करण्याची अट घालावी, अनाथ बालकांचा कायदेशीर पालक या नात्याने अनाथालये चालविणे हे राज्याचे कर्तव्य मानावे आणि धर्मांतर हाच मुख्य उद्देश असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे, या प्रमुख शिफारशी होत. शाळेपुरती तरतूद राज्यघटनेच्या २८(३) या अनुच्छेदात आधीच होती : अनुदानित शाळेतील विद्यार्थ्यावर, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. खाटेवर पडलेल्या रुग्णासाठी असे संरक्षण नव्हते. ती उणीव समितीने नेमकी हेरली होती.

टीका

ख्रिस्ती संस्थांनी अहवाल एकांगी ठरविला. दुःखिताची सेवा ही ख्रिस्ताची आज्ञा आहे. तिला आमिष म्हणणे म्हणजे सेवा करणाऱ्याच्या श्रद्धेवरच संशय घेणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. चौकशीचा विषय एकाच धर्माच्या संस्थांपुरता होता, हा आक्षेपही वजनदार आहे. जातीची अट घालणाऱ्या धर्मशाळा महाराष्ट्रात दुर्मीळ नव्हत्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी गाडगेबाबांना चोखामेळा धर्मशाळा वेगळी बांधावी लागली. १९४९ मध्ये त्यांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. दानावरील या जातीय अटीचा हिशेब समितीच्या कक्षेत येत नव्हता. नियोगी यांनी स्वतः ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर येथे डॉ. आंबेडकरांसमवेत बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यामुळे त्यांना धर्मांतराचेच विरोधक समजणे चुकीचे ठरेल.

नंतरचा काळ

अहवालाच्या विचारधारेतून मध्य प्रदेशात १९६८ चा धर्मस्वातंत्र्य अधिनियम झाला. भेटवस्तू, रोख रक्कम वा अन्य ऐहिक लाभ देऊ करणे ही त्यातील ‘प्रलोभना’ची व्याख्या होय. रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरविला. भंडारा जिल्हा मात्र १ नोव्हेंबर १९५६ रोजीच द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आल्याने हा कायदा तेथे लागू झाला नाही. लगतच्या बालाघाट जिल्ह्यात तो लागू होता. महाराष्ट्रातील धर्मादाय संस्थांसाठी १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम आहे. त्यातील कलम ९ दारिद्र्यनिवारण, शिक्षण व वैद्यकीय मदत यांना धर्मादाय प्रयोजन मानते, आणि केवळ धार्मिक शिकवण वा उपासनेशी संबंधित असलेले प्रयोजन त्यातून वगळते.