भिंतीवरचं भातशेत

स्टेशनच्या भिंतींवर, शाळांच्या कुंपणांवर गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी काढलेली चित्रं आपण येता-जाता बघतो. नांगर धरलेला गडी, वाकून लावणी करणाऱ्या बाया, खळं, तारप्याभोवतीचा फेर. ‘वारली डिझाइन मस्त आहे हं’ म्हणतो आणि लोकल गाठायला पळतो. पण मंडळी, हे नुसतं डिझाइन नव्हे.

ही चित्रकला डहाणू-तलासरी-जव्हारकडची. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. लग्नघरी सवाष्णी कुडाची भिंत सारवायच्या, गेरू द्यायच्या आणि तांदळाचं पीठ कालवून बांबूच्या काडीने लग्नचौक काढायच्या. चौकात पालघाट देवी. तिची कृपा झाली तरच शेत पिकणार, संसार फळणार! म्हणजे शेतातलाच तांदूळ भिंतीवर देवीपुढे जायचा. १९७० नंतर हे चित्र कागदावर आलं. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ते जगभर नेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या पायाखाली बघू. उल्हास आणि वालधुनीच्या काठची ही जमीनसुद्धा भाताचीच. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली. फाळणीनंतर सिंधहून आलेल्या कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ साली त्या वसाहतीचं उल्हासनगर झालं. अंबरनाथला कारखाने आले. मग मुंबईत घर न परवडणारे आपण बदलापूरपर्यंत आलो. खाचरांवर भराव पडला, बिल्डिंगी उठल्या.

खाचराला बांध असतो तो कशाला? पाऊस अडवायला. जुलैत शेतात पाणी साठतं, जादाचं खालच्या खाचरात उतरतं, तिथून ओढ्याला मिळतं. भराव घातला, बांध गेले. पाऊस मात्र तेवढाच. २०१९ च्या जुलैअखेरीस बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. हजारभर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. रुळांच्या दोन्ही बाजूंना नुसतं पाणीच पाणी. नदीने तिची जुनी जागा दाखवली, दुसरं काय!

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात एक सुचवावंसं वाटतं. आपल्या कुंपणाच्या भिंतीवर असं चित्र काढायचं झालं, तर स्टिकर नको. डहाणूकडच्या कलाकाराला बोलवू, योग्य मोबदला देऊ. चित्रात राब, लावणी, बांध, ओढा सगळं येऊ दे. इथे ज्यांची शेतं होती, त्या आगरी-कुणबी घरांतल्या आजी-आजोबांना विचारू, कुठलं खाचर कुठे होतं. पोरांना ते कळू दे. आणि भिंतीमागचा नाला? तो पावसाळ्याआधी साफ करून घेऊ. चित्रातला ओढा तोच आहे.