डॉ. खानखोजे यांचे स्वदेशागमन

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, लासलगावच्या नजीक, विंचूर हे गाव आहे. पेशवाईतील नामांकित सरदार विठ्ठल शिवदेव दाणी यांच्या घराण्याकडे या गावाची जहागीर आली आणि दाण्यांचे विंचूरकर झाले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा सर्वनाश झाला, त्या दिवशी जे थोडे सरदार जिवंत निसटले, त्यांत विठ्ठल शिवदेव हे एक होते. गोल राखून, तोफांच्या आश्रयाने लढावयाचे असा बेत असता विंचूरकर व दमाजी गायकवाड यांनी फळी सोडून रोहिल्यांवर चाल केली आणि त्यामुळे रचना बिघडली, असा आक्षेप पुढे इतिहासकारांनी घेतला. आक्षेप खरा की खोटा, हा वाद येथे नको. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, जे रणात पडले त्यांच्या वाट्याला पोवाडे आले आणि जे परत आले त्यांच्या वाट्याला जाब आला. दूरवर गेलेला माणूस परतला म्हणजे घर त्याला पाटावर बसविते, जेवू घालते आणि हात वाळण्यापूर्वीच प्रश्न विचारू लागते. ही रीत फार जुनी आहे.

परदेशी जाऊन राहिलेल्या माणसाने स्वदेशी परतावे की नाही, या प्रश्नाचा विचार करताना ही रीत ध्यानी धरली पाहिजे. परतण्याचा निश्चय हा केवळ जाणाऱ्याच्या मनाचा व्यवहार आहे, असे आपण सामान्यतः समजतो. मायभूमीची ओढ अधिक की परमुलखातील सुखसंपत्ती अधिक, एवढेच तराजूत घालून आपण त्याची परीक्षा करतो. परंतु निश्चयाचे दुसरे अंग घराकडे असते. दार आतूनही उघडावे लागते.

कित्येकांच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. कारण त्यांनी जातानाच परतीची गाठ पदराला मारलेली असते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस निघाल्या, त्यापूर्वीच बंगाल्यातील श्रीरामपूरच्या सभेत, हिंदू राहूनच परत येण्याचा निर्धार त्यांनी बोलून दाखविला होता. मार्च १८८६ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियास वैद्यकाची पदवी मिळविली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्या काळी समुद्र ओलांडून आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे, नाही तर पंक्तीस मुकावे लागे. म्हणजे दार उघडे होते, पण उंबरठ्यावर दंड भरावयाचा होता.

वर्ध्याच्या पांडुरंग सदाशिव खानखोजे यांची गोष्ट याहून निराळी आणि पुष्कळ अधिक कठीण आहे. त्यांच्या परतीला जवळजवळ अर्धे शतक लागले.

खानखोजे यांचा जन्म १८८४ सालचा. वर्ध्यास व नागपुरास त्यांचे शिक्षण झाले. लोकमान्य टिळकांची भेट घेऊन व त्यांचा सल्ला मानून १९०६ साली या तरुणाने घर सोडले. प्रथम जपान आणि तेथून अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला. अमेरिकेत त्यांनी दोन विद्या एकाच वेळी हाती धरल्या. कॅलिफोर्नियातील एका लष्करी शाळेत ते युद्धकला शिकले आणि ऑरेगॉन व वॉशिंग्टन या संस्थानांतील महाविद्यालयांत त्यांनी शेतकीचे अध्ययन केले. एका विद्येने देश मोकळा करावयाचा आणि दुसरीने मोकळ्या झालेल्या देशाला पोटभर अन्न द्यावयाचे, असा या जोडीचा अर्थ त्यांच्या पुढील आयुष्यावरून स्पष्ट दिसतो. पहिली विद्या तारुण्यात खर्ची पडली. दुसरीचा उपयोग मायदेशास व्हावा म्हणून मात्र त्यांना वार्धक्यापर्यंत वाट पाहावी लागली.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर त्या वेळी हजारो हिंदी मजूर, बहुतेक पंजाबातील शीख शेतकरी, लाकडाच्या गिरण्यांतून व शेतमळ्यांतून राबत होते. त्यांच्यातूनच १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला. सोहनसिंग भकना त्याचे अध्यक्ष होते, लाला हरदयाळ त्याची लेखणी चालवीत होते आणि १ नोव्हेंबर १९१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून 'गदर' पत्राचा पहिला अंक निघाला. या पक्षाच्या उभारणीत खानखोजे यांचा मोठा वाटा होता. सशस्त्र उठावाच्या तयारीकडे त्यांचे विशेष लक्ष होते.

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले आणि गदरच्या लोकांपुढे परतीचा प्रश्न एकदम उभा राहिला. त्यांच्या परतण्यात पेन्शन नव्हते की वाडा बांधणे नव्हते. बंड करण्यासाठी परतावयाचे होते. सरकारही सावध होते. ५ सप्टेंबर १९१४ रोजी एक वटहुकूम काढून हिंदुस्थानात प्रवेश करणाऱ्या संशयितांना अडकवून ठेवण्याचा अधिकार सरकारने हाती घेतला. आपल्याच देशात पाऊल टाकणे हा संशयाचा विषय झाला. भकना कलकत्त्यास उतरताच पकडले गेले.

याच वेळी पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे हा तरुण, कर्तारसिंग सराभा याच्यासमवेत स्वदेशी परतला. अमेरिकेत तो यंत्रशास्त्र शिकावयास गेला होता. मार्च १९१५ मध्ये मीरतच्या छावणीत तो बॉम्बसह सापडला. लाहोरच्या खटल्यात चोवीस जणांना फाशीची शिक्षा झाली. त्यांपैकी सतरा जणांची शिक्षा व्हाइसरॉयने जन्मठेपेवर आणली आणि उरलेले सात जण १६ नोव्हेंबर १९१५ रोजी फासावर चढले. त्या सातांत पिंगळे होता. त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. परतीचा एक निर्णय असा वर्षभरात पुरा झाला.

खानखोजे यांनी दुसरी वाट धरली. तुर्कस्थानमार्गे ते इराणात शिरले आणि तेथील टोळ्यांच्या साहाय्याने इंग्रज फौजांशी लढले. युद्ध संपले, बेत फसले, आणि हिंदुस्थानची वेस त्यांना बंद झाली. पुढे बर्लिनच्या हिंदी क्रांतिकारकांत ते वावरले. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय व भूपेंद्रनाथ दत्त यांच्यासह मॉस्कोसही जाऊन आले. दत्त १९२५ साली स्वदेशी परतू शकले. खानखोजे यांनी मात्र १९२४ साली मेक्सिकोची वाट धरली.

मेक्सिको हा देशही तेव्हा नुकताच क्रांतीतून बाहेर पडला होता आणि जमिनीची वाटणी हाच तेथील राजकारणाचा गाभा होता. जमीन मिळालेल्या गरीब शेतकऱ्याला ती कसण्याची विद्या कोण देणार, हा प्रश्न होता. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले. मका हे त्या देशाचे मुख्य अन्न. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, तशी तिकडे मक्याची. तेओसिंते नावाच्या रानगवताशी, म्हणजे मक्याच्याच रानटी भाईबंदाशी, मक्याचा संकर करून नवी वाणे काढण्याचे प्रयोग त्यांनी केले. गव्हावरही त्यांनी काम केले. परंतु प्रयोगशाळेतील विद्या तेथेच कोंडून ठेवणे त्यांना मानवले नाही. शेतकऱ्यांसाठी त्यांनी मुक्त कृषिशाळा काढल्या. या शाळांना एमिलियानो झपाटा या शेतकरी पुढाऱ्याचे नाव मिळाले. सुधारलेले बी कसे निवडावे, जमिनीचा कस कसा राखावा, हे शेतकऱ्याला त्याच्या गावी जाऊन सांगावयाचे, असा तो उपक्रम होता. प्रसिद्ध छायाचित्रकार टीना मोडोटी हिने या कामाची छायाचित्रे घेतली. चित्रकार दिएगो रिवेरा याच्याशी त्यांचा स्नेह जडला. मेक्सिको शहरातील शिक्षणखात्याच्या इमारतीत रिवेराने रंगविलेल्या एका भित्तिचित्रात भाकरी वाटून देणारा जो गृहस्थ दिसतो, तो खानखोजेच होय, असे मानले जाते.

१९३६ साली बेल्जियमच्या एका तरुणीशी त्यांचा विवाह झाला आणि दोन मुली झाल्या. मान, काम, मित्र, संसार, सारे त्या देशाने दिले. अशा ठिकाणी मनुष्य रुजतो. आणि रुजलेले झाड पुन्हा उपटून दुसरीकडे लावणे किती धोक्याचे असते, हे वनस्पतिशास्त्रज्ञाला कोणी सांगावयास नको.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. त्या वेळी खानखोजे यांच्या जुन्या सोबत्यांपैकी किती उरले होते? वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय १९३७ साली रशियात गोळीला बळी पडले. लाला हरदयाळ यांना परतण्याची परवानगी मिळाली, तोच मार्च १९३९ मध्ये फिलाडेल्फियास त्यांचा अंत झाला. सरदार भगतसिंगांचे चुलते अजितसिंग जवळजवळ अडतीस वर्षांनी १९४७ च्या मार्चात परतले आणि १५ ऑगस्टच्या पहाटे, स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी, डलहौसीस निवर्तले. ज्यांनी परतीसाठी जन्म घालविला, त्यांतील फार थोड्यांना घरी बसून दोन घास खाण्याचे भाग्य लाभले.

खानखोजे हे त्या थोड्यांपैकी एक. १९४९ साली शेतीच्या धोरणाविषयी सल्ला देण्यासाठी मध्यप्रांत सरकारने त्यांना निमंत्रण दिले आणि त्रेचाळीस वर्षांनी त्यांचे पाय पुन्हा या भूमीस लागले. मात्र विमानतळावरच त्यांना अडविण्यात आले. इंग्रजी अमलातील काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि ते कोणी काढलेच नव्हते. राज्य बदलले, ध्वज बदलला, मंत्री बदलले. दप्तर तेच राहिले. ज्या राज्याविरुद्ध हा माणूस लढला त्या राज्याची शिक्षा, ज्या राज्यासाठी लढला त्या राज्याच्या कारकुनाने निमूटपणे बजावली. एका प्रांताचे सरकार निमंत्रण धाडते आणि वेशीवरचा पहारेकरी यादी दाखवितो, हा प्रसंग हसावे की रडावे असा आहे. घोटाळा उलगडला आणि ते नागपूरकडे गेले. परंतु पंचेसष्ट वर्षांच्या त्या वृद्धाला स्वतंत्र देशाने विचारलेला पहिला प्रश्न 'तू कोण?' हा होता, ही गोष्ट पुसली जात नाही.

यानंतर ते मेक्सिकोस परत गेले. तेथेच त्यांनी उर्वरित आयुष्य काढले असते, तर त्यांना कोणी दोष दिला नसता. तेथे त्यांचे नाव घेणारे शिष्य होते, शेते होती. येथे गदर पक्षाची आठवणही पुसट झालेली होती. पत्नी बेल्जियमची आणि मुली मेक्सिकोत वाढलेल्या. त्यांच्या दृष्टीने नागपूर हेच परदेश होते. म्हणजे एकाच्या स्वदेशागमनासाठी तिघींनी देशांतर करावयाचे होते. परतीच्या गोष्टी सांगताना ही बाजू बहुधा विसरली जाते. इतके असूनही १९५५ साली खानखोजे कायमचे परतले आणि नागपुरास राहिले.

हा निर्णय फायद्याच्या हिशेबात बसत नाही, आणि तो केवळ भावनेचाही म्हणता येत नाही. १९४९ पूर्वी परतण्याचा बेत केला असता, तर तो आठवणीतल्या देशाकडे जाण्याचा बेत ठरला असता. १९५५ साली त्यांना खरा देश ठाऊक झाला होता: त्याची विसराळू कचेरी, त्याची काळी यादी, त्याचे रिकामे कोठार. तो पाहून, पारखून ते परतले. डोळे मिटून केलेल्या परतीपेक्षा डोळे उघडे ठेवून केलेल्या परतीची किंमत निःसंशय अधिक आहे.

पुढील बारा वर्षे नागपुरात गेली. त्यांच्या अखेरच्या दिवसांत एक विलक्षण योग जुळून आला. अन्नटंचाईने गांजलेल्या भारताने १९६६ साली मेक्सिकोहून अठरा हजार टन गव्हाचे बी आणविले. ते बी नॉर्मन बोर्लॉग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या परिश्रमाचे फळ होते. खानखोजे यांचा त्यात हात नव्हता. तथापि मेक्सिकोच्या मातीतील कृषिविद्या भारताच्या कामी येऊ शकते, हे या घटनेने दाखवून दिले, आणि त्या विद्येचा एक जाणता माणूस तेव्हा नागपुरातच राहत होता. त्याला कोणी विशेष विचारले नाही. बियाण्यासाठी दार तत्परतेने उघडले. माणसासाठी ते अर्धवटच उघडले होते. जानेवारी १९६७ मध्ये डॉ. खानखोजे यांचे निधन झाले. २०२२ साली चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.

विठ्ठल शिवदेव पानिपताहून परतले तेव्हा त्यांना जाब विचारणारे लोक निदान त्यांना ओळखत तरी होते. खानखोजे यांच्या वाट्याला ओळखच आली नाही. आजही महाराष्ट्रातील असंख्य घरांतील मुले परदेशी आहेत आणि कित्येकांच्या मनात परतीचा विचार घोळत असतो. 'तो येईल का?' असे त्यांची घरे विचारतात. तो आला, तर त्याच्याजवळची विद्या कोणत्या कामी लावावयाची आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या परक्या माणसांना आपले कसे करावयाचे, हेही त्या घरांनी आजच ठरवून ठेवलेले बरे.