कान्हेरीचं पाणी कुणाचं?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं गेट ओलांडलं की आत सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी लागतात. मुंबईच्या पोटातलं सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे डोंगराळ जंगल. रविवारी पब्लिक येतं. डबे उघडतं, तीन नंबरच्या लेण्यातल्या उंच बुद्धमूर्तीपुढं फोटो काढतं आणि खाली उतरतं. त्यात आपली पोरंही असतात. ती हात जोडतात, त्रिसरण-पंचशील म्हणतात. ठीक आहे. पण भिंतीवर जे कोरलंय ते न वाचताच परततात, हे ठीक नाही. कारण आपल्याला इतिहास नाही असं ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सांगितलं, त्यांना उत्तर त्या भिंतीवर आहे.

आधी नावाचं बघू. कान्हेरी म्हणजे कान्ह्याचा डोंगर, कृष्णाची जागा, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच. नाशिकच्या लेण्यांना पांडव चिकटवले, इथं कृष्ण. डोंगरात लेणं दिसलं की त्याच्या मानेवर एखादं पुराण बसवायचं, हा जुना धंदा. पण इथला शिलालेख स्वतःच नाव सांगतो : कण्हसेल. कण्ह म्हणजे काळा, सेल म्हणजे शैल, डोंगर. नंतरच्या लेखांत तोच कृष्णगिरी होतो. काळ्या कातळाचा काळा डोंगर, एवढा साधा अर्थ. ब्राह्मी लिपी वाचणारा उरला नाही, म्हणून कित्येक शतकं कुणीही उठावं आणि काहीही सांगावं. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचं कोडं सोडवलं आणि दगड पुन्हा बोलायला लागला. १९९१ साली डॉ. शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या शिलालेखांवर अख्खं पुस्तक काढलं. म्हणजे आता कुणाला सबब राहिलेली नाही.

लेणी शंभराच्या वर आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास खोदकाम सुरू झालं आणि पुढं हजारएक वर्षं इथं माणसांचा वावर राहिला. मोठं चैत्य दुसऱ्या शतकाच्या अखेरीचं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं. ते कुणी राजानं नाही खोदवलं, दोन व्यापारी भावांनी खोदवलं. नवव्या शतकात राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातही इथं दानं येत होती. एक दाता तर थेट गौड देशातला, म्हणजे बंगालकडचा. ९० नंबरच्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी आपली नावं पहलवी लिपीत कोरून ठेवलीत. हजार वर्षांची ही वस्ती. आणि आम्हाला शाळेत शिकवलं काय, तर बौद्ध धर्म अशोकानंतर लगेच आटला!

आता मुद्द्यावर येतो. मूर्तीकडून नजर काढा आणि लेण्याच्या दाराशेजारी खाली बघा. कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं दिसेल. जवळजवळ प्रत्येक लेण्याला असं टाकं आहे. कोकणचा पाऊस चार महिने झोडपतो आणि आठ महिने पाठ फिरवतो. डोंगरावर माणूस राहायचा तर पावसाचं पाणी अडवलंच पाहिजे. म्हणून माथ्यावर नुसत्या बोटभर-वीतभर रुंदीच्या चऱ्या खोदल्यात. कातळावरून पळणारं पाणी त्या चरीतून टाक्यात येतं. खालच्या ओढ्यावर बांध घातल्याच्याही खुणा आहेत. पंप नाही, पाइप नाही. उतार बघणारा डोळा आणि छिन्नी, एवढ्यावर हे सगळं.

शिलालेखात या टाक्याला शब्द आहे पानियपोढी. आणि टाकं दिलं कुणी, हेही शेजारी कोरलंय. एक पोढी कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराची. आणखी एक लेख बघा : कल्याणच्याच नंद नावाच्या लोहारानं वाट करून दिली. देऊळ नाही, सोन्याचा कळस नाही, वाट! चढताना पाय ठेवायला जागा. देयधम, म्हणजे धम्माला दिलेलं दान, हा शब्द सोनाराच्या नावापुढं येतो तसाच लोहाराच्याही नावापुढं येतो. सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे लोक इथं दाते आहेत. घरसंसारी बायका आहेत, भिक्खुणी आहेत. भिक्खुणी स्वतःच्या नावानं लेणं देते, टाकं देते, आपल्या गुरूचं नाव सांगते. मनुस्मृतीनं जिला बाप, नवरा, मुलगा यांच्या ताब्यात जन्मभर ठेवलं, ती बाई इथं दगडावर स्वतःच्या नावानं उभी आहे.

एक गंमत बघा. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रपाची मुलगी होती. सातवाहन आणि क्षत्रप या दोन भांडणाऱ्या घराण्यांची ही सोयरीक. इतिहासकार तिच्यावर पानंच्या पानं लिहितात. पण ही सोयरीक आपल्याला कळली कशावरून? तर राणीच्या सतेरक नावाच्या अमात्यानं कान्हेरीला पाण्याचं एक टाकं दिलं, त्यावरच्या लेखावरून. म्हणजे राजघराण्याचा इतिहास टिकला तोसुद्धा टाक्याच्या कडेला.

पण दोस्तहो, इतिहास म्हणजे पोवाडा नव्हे. लोहारानं दान दिलं म्हणजे तेव्हा समता नांदत होती, असं सांगत सुटू नका. संघाला जमिनी मिळत होत्या, अक्षयनीवी म्हणजे कायमची ठेव होती, तिच्या व्याजातून भिक्खूंच्या चीवराचा आणि पायताणांचा खर्च भागत होता. पायताणांच्या पैशाची नोंद दगडावर आहे. ती पायताणं शिवणाऱ्याचं नाव नाही. मोठ्या चैत्याच्या लेखात सेलवढकी, म्हणजे दगडाचे कारागीर, कामावर असल्याची नोंद आहे, ही मोठीच गोष्ट. पण हजार वर्षं ज्यांनी घण मारले, चिपा उचलल्या, खपरीची धूळ छातीत घेतली, त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं गेली. देणाऱ्याचं नाव राहतं, खोदणाऱ्याचं राहत नाही. हा नियम धम्माच्या डोंगरावरही पूर्ण मोडला नाही. हे आपण नाही बोलायचं तर कुणी बोलायचं?

तरीही जातीनं जो अंधार पुढं केला, त्याच्याशी ताडून बघा. आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपावर विधिक नावाच्या एका चांभाराचं दान आहे. चम्मकार असा धंदा त्यानं उघड कोरलाय, आणि बापाचं नाव सांगताना तो शिक्षक होता हेही कोरलंय. बाप शिकवतो, मुलगा कातडं कमावतो, आणि सबंध कुटुंबाचं नाव स्तूपावर लागतं. पुढं त्याच धंद्याच्या माणसाला देवळाच्या पायरीला शिवायची बंदी झाली. मधे काय घडलं? हा प्रश्न विचारणं म्हणजे इतिहास.

आणि पाण्याचं काय घडलं? १९३४ साली बाबासाहेब तीसेक कार्यकर्त्यांसह वेरूळची बौद्ध लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. धुळीनं माखलेल्या माणसांनी दाराशी असलेल्या टाक्यात हातपाय धुतले. तेवढ्यावरून पाणी बाटवलं म्हणून बोंब झाली, माणसं अंगावर धावून आली. शेवटी आत सोडलं ते आत कुठंही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. त्याआधी सात वर्षं, २० मार्च १९२७ ला, महाडला चवदार तळं झालंच होतं. ज्या मुलखात पाण्याचं टाकं देणं हे धम्माचं काम होतं, सोनार आणि राणीचा अमात्य एकाच शब्दात ते कोरत होते, ज्या संघात उपाली न्हावी आणि सुनीत भंगी यांना मानाची जागा होती, त्याच मुलखात पाण्यावर पहारा बसला. महाडचा सत्याग्रह नव्या हक्कासाठी होता हे खरंच, पण गमावलेल्या जुन्या रीतीचाही तो हिशेब होता, असं कान्हेरीच्या टाक्यापाशी उभं राहिलं की कळतं.

या डोंगराचं पाणी मुंबई आजही पिते. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही याच जंगलात. आणि याच जंगलात वारल्यांचे, मल्हार कोळ्यांचे पाडे आहेत. शहराला पाणी गेलं, पाड्यांना नळासाठी पिढ्या घालवाव्या लागल्या. १९९७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशावरून जंगलातली अतिक्रमणं हटवायचं काम निघालं. हजारो झोपड्या पडल्या. त्यात गावकुसाबाहेरून शहरात आलेली आपली माणसं होती, आणि जंगल ज्यांचं घर त्या आदिवासींनाही अतिक्रमण करणारे म्हटलं गेलं. २००६ चा वनहक्क कायदा आला तरी कागद दाखव, पुरावा दाखव, हे संपलं नाही. ज्याचं नाव कोरलेलं नाही त्याला पुरावा मागायचा! कान्हेरीच्या खोदकऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी तरी कुठला कागद दाखवला असता? सगळा डोंगर त्यांच्या हातचा, आणि सातबारा कुणाचाच नाही. म्हणून लेणं वाचवा म्हणताना पाड्यावरच्या माणसाला उठवा म्हणणाऱ्याच्या रांगेत उभे राहू नका.

पुढच्या खेपेला शाखेची पोरं घेऊन जाल तेव्हा असं करा. आधी टाकी दाखवा, मग मूर्ती. ब्राह्मीची मुळाक्षरं आठवड्याभरात शिकता येतात, ती शिकून जा. अक्षरांना खडू, तेल, रंग लावू नका. बघायचं असेल तर तिरपा उजेड टाका, अक्षर आपसूक उठून दिसतं. एकेक जण एकेक लेख मोठ्यानं वाचू दे : नाव, गाव, धंदा, दान. सामिदत्त, कल्याण, सोनार, टाकं. नंद, कल्याण, लोहार, वाट. आणि शेवटी ज्यांची नावं कोरलेली नाहीत त्यांच्यासाठी क्षणभर गप्प उभे राहा. मग वस्तीत परत येऊन आपल्या म्हाताऱ्यांना विचारा, विहीर कुणी खोदली, रस्ता कुणी फोडला, धरणाची माती कुणी वाहिली. ती नावं वहीत उतरवा. दगडावर कोरायची ऐपत नसेल, पण लिहिता तर येतं ना आता आपल्याला!

जय भीम.