कुटुंबनियोजन : निर्णय त्याचा, शस्त्रक्रिया तिची

राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा बुलढाणा जिल्ह्यात आहे. याच जिल्ह्यात २००१ च्या जनगणनेनुसार सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या; २०११ मध्ये ही संख्या ८५५ वर घसरली. २०१५ मध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजनेसाठी देशातील पहिले शंभर जिल्हे निवडण्यात आले, त्यांत बुलढाण्याचा समावेश होता. या आकड्यांवर चर्चा पुष्कळ झाली. मात्र त्यांच्याशी निगडित दुसरा प्रश्न मागे राहिला. मुले किती हवीत, मुलगा होईपर्यंत वाट पाहायची की नाही, हे बहुतेक घरांत पती आणि सासरची मंडळी ठरवतात. पाळणा थांबवण्यासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाते ती पत्नी.

राज्याचे चित्रही वेगळे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील विवाहित जोडप्यांपैकी सुमारे ४९ टक्के जोडप्यांत स्त्रीची नसबंदी झालेली होती; पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. २००५-०६ मध्ये ते सुमारे दोन टक्के होते. संततिनियमन हा बायकांचा विषय आहे, पुरुषाने त्याची काळजी करण्याचे कारण नाही, असे देशातील सुमारे ३५ टक्के पुरुषांना वाटते, असेही याच सर्वेक्षणात आढळले.

सक्तीची सावली

पूर्वी असे नव्हते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. १९६८ पासून 'निरोध' पंधरा पैशांना तीन या दराने दुकानांत मिळू लागला. १९७१ मध्ये केरळमधील एर्नाकुलमच्या एकाच शिबिरात ६३ हजारांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. नंतर आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी ६२ लाखांच्या आसपास पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. या सक्तीने 'नसबंदी' हा शब्दच बदनाम झाला. पुढे सरकारी यंत्रणेने पुरुषांकडे पाठ फिरवली आणि उद्दिष्टांचा सारा भार स्त्रियांवर आला.

शस्त्रक्रिया आणि गैरसमज

पुरुष नसबंदी ही स्त्री नसबंदीपेक्षा सोपी आहे. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते किंवा दुर्बीण आत घालावी लागते. चीनमध्ये १९७४ मध्ये विकसित झालेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत तेवढा भाग बधिर करून बारीक छिद्रातून वीर्यवाहक नलिका बांधून कापली जाते. त्याला साधारण वीस मिनिटे लागतात आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. दोन दिवसांनी हलकी आणि आठवड्याने नेहमीची कामे करता येतात.

कपाशी आणि सोयाबीनच्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या मनात 'अशक्तपणा आला तर?' हीच भीती मोठी असते. ती निराधार आहे. पुरुषी संप्रेरके रक्तातून वाहतात, या नलिकेतून नव्हे. त्यामुळे ताकद, कामेच्छा व लैंगिक क्षमता कायम राहते. मात्र शस्त्रक्रियेचा परिणाम लगेच होत नाही. तीन महिने निरोध वापरून, वीर्यतपासणीत शुक्रजंतू नसल्याची खात्री करून घ्यावी लागते. नलिका पुन्हा जोडता येते, पण यशाची हमी नसते. म्हणून हा निर्णय कायमचा समजूनच घ्यावा. लैंगिक संसर्गापासून ही शस्त्रक्रिया संरक्षण देत नाही. त्यासाठी निरोधच हवा.

पुरुषांशी कोण बोलणार?

आशा स्वयंसेविका आणि परिचारिका प्रामुख्याने स्त्रियांशी बोलतात. तांबी, गोळ्या, शस्त्रक्रिया यांची माहिती पतीपर्यंत पोहोचते ती पत्नीच्याच तोंडून, तीही तिला बोलण्याची मुभा असेल तर. ग्रामीण ठाणे जिल्ह्यात २०१२ नंतर झालेल्या 'चार्म' प्रकल्पाने उलटा मार्ग धरला. १,०८१ जोडप्यांच्या या अभ्यासात काही गावांतील पुरुष आरोग्यसेवा देणाऱ्यांनी विवाहित पुरुषांना समुपदेशन केले. एका बैठकीत पत्नीलाही सोबत घेतले. संततिनियमनाबरोबरच मुलाचा आग्रह व पत्नीवरील हिंसा हेही विषय त्यांत होते. इतर गावांच्या तुलनेत या जोडप्यांत आधुनिक साधनांचा वापर वाढला. दीड वर्षानंतर पतीकडून होणाऱ्या लैंगिक हिंसेचे प्रमाणही कमी आढळले.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला यातून घेण्यासारखे बरेच आहे. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस पुरुष नसबंदी पंधरवडा पाळला जातो. पण केवळ पंधरा दिवसांच्या फलकांनी पन्नास वर्षांची भीती जात नाही. गावातल्या पुरुषाशी विश्वासातल्या पुरुषाने, वर्षभर आणि सक्तीविना बोलले, तरच निर्णयाबरोबर जबाबदारीही त्याच्याकडे येईल.