ओहमचा नियम: सूत्र सोपं, मोजणं महाकठीण

'व्ही इज इक्वल टू आय आर' आपण शाळेत पाठ केलंय. बीटेकच्या लॅबमध्ये मला हा प्रयोग फारच बाळबोध वाटायचा. बॅटरी, ॲमीटर, व्होल्टमीटर जोडा, रीडिंग घ्या, सरळ रेघ काढा, झालं. पण नियम शोधला गेला तेव्हा हे मीटर नव्हतेच, आणि बॅटरीही भरवशाची नव्हती.

१७८१ साली इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या नळ्यांतून वीज सोडत होता. मीटर कुठला? तो स्वतःच! शॉक किती जोरात बसला, यावरून करंटचा अंदाज. गंमत म्हणजे एवढ्यावर तो नियमापर्यंत पोचला होता. पण छापलं नाही. त्याची टिपणं मॅक्सवेलने प्रसिद्ध केली थेट १८७९ साली.

मधल्या काळात कोलोनमधला एक शाळामास्तर याच प्रश्नाला भिडला. गेओर्ग ओहम. वडील कुलपं बनवणारे, त्यामुळे उपकरणं स्वतः जुळवायची सवय. १८२५ साली त्याने जे सूत्र छापलं त्यात लॉगॅरिदम होता, आणि ते चुकीचं होतं. दोष बॅटरीचा. तेव्हाचे सेल जोडले की त्यांची ताकद उतरायला लागायची. इनपुटच हलतंय, तर आउटपुटवरून काय कपाळ कळणार?

पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकाने सुचवलं, थर्मोकपल वापर. ओहमने तांबं आणि बिस्मथ जोडलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. तापमानातला फरक स्थिर, म्हणून व्होल्टेजही स्थिर! वर चुंबकसुई टांगलेली. करंटने ती वळली की टांगलेली पट्टी पिळून तिला जागेवर आणायचं. जितका पीळ, तितका करंट. वेगवेगळ्या लांबीच्या आठ तारा आलटूनपालटून लावल्या, आणि १८२६ साली आकडे जुळले. लॉगॅरिदम गेला, साधा भागाकार उरला. माझ्या मते खरा शोध त्या उकळत्या पाण्यात आणि बर्फात आहे, सूत्र नंतरचं.

१८२७ साली पुस्तक आलं. जर्मनीत प्रतिसाद थंड. ओहमने कोलोनची नोकरी सोडली. न्युरेंबर्गला जागा मिळाली ती १८३३ साली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली कोपली पदक दिलं. १८४५ साली किरचॉफ या विद्यार्थ्याने हाच नियम अनेक फाट्यांच्या सर्किटला लावला. म्युनिकमध्ये ओहमला पूर्ण प्राध्यापकी मिळाली १८५२ साली, साठी उलटल्यावर. दोनच वर्षांनी तो गेला.